चिनी सेनापतीचं सुतक

काल दुपारी चिनी सेनापती गेला आणि मी डोक्यावरून पाणी घेतलं.

नात हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. "आजी, अगं तो नट आहे! तो तिकडे मजेत जेवत असेल आत्ता!" जेवू दे की बापडा. चार घास जास्त खाऊ दे. पण दिवाळीपासून रोज दुपारी ज्याच्यासाठी मी भांडी तशीच टाकून बसले, ज्याच्या जखमेवर मालिकेतली ती वेडी पोर पट्टी बांधताना इथून मीच फुंकर घातली, त्याच्या नावानं दोन तांबे पाणी घ्यायला माझं काय जातं? आमच्या सासूबाईंचा नेम होता. ज्याच्या मरणाची बातमी ऐकून डोळ्यांत पाणी आलं तो आपला, आणि आपला माणूस गेला की डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही. नातंगोतं विचारत बसायचं नाही.

"थांब जरासी," खाटेवरून आमचे हे म्हणाले. "पहिले उद्यानं देखी ले." उद्या काय होतंय ते बघ आधी, मग न्हा. पण मी कुठली थांबते! टॉवेल घेऊन न्हाणीत गेलेसुद्धा.

मिरचीचे दिवस आहेत. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली आहे, वारा जरा फिरला की आमच्या गल्लीत घराघरांतून शिंका सुरू होतात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक असतं. हे दिवस आले की माझ्या बोटांच्या पेरांना उगाच चुणचुण लागते. देठ खुडणं सोडून कितीतरी वर्षं झाली, पण पेरं विसरत नाहीत.

तर ही चिनी मालिका. तनू, माझी नात, कॉलेजात जाते आणि दुपारी जेवायला घरी येते. रोज एक नवा भाग येतो, चिनी माणसं टीव्हीवर घडाघडा हिंदी बोलतात आणि आम्ही दोघी ताटं मांडीवर घेऊन बघतो. नावं काही माझ्या ध्यानात राहत नाहीत. मी आपली नावं ठेवली आहेत: वेणीवाली, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, गोड बोलणारी चांडाळीण, आणि सेनापती. बाई गं, काय एकेक तऱ्हा त्यांच्या! इतका चहा ओततात, पण पीत कुणीच नाही. भिंती कागदाच्या, आणि कारस्थानं म्हणून त्या कागदाला टेकूनच करायची! वेणीवाली पुरुषाचा डगला घालून सैन्यात शिरली, ओठाला लाली तशीच, तरी कुणाला पत्ता नाही. "अरे आंधळ्यांनो, बाई आहे ती!" मी ओरडते. तनू म्हणते, आजी, हळू, शेजारी ऐकतील. तिच्या मोबाइलवर गावोगावचे लोक रोजच्या भागावर आपापलं म्हणणं लिहितात, ते ती मला वाचून दाखवते. कुणी म्हणतं चांडाळिणीला विष द्या. कुणी म्हणतं शेवट वाईट केला तर मी जेवणार नाही. मला फार बरं वाटतं. म्हटलं, माझ्यासारखी खुळी माणसं अजून आहेत जगात.

तनूला वाटतं, चीनची ओळख आजीला तिनं करून दिली. तिला काय ठाऊक! मी सतरा वर्षांची होते तेव्हापासून चीनला जाऊन-येऊन आहे. तोरणमाळवरून वाट होती.

म्हणजे असं, की हमीदाबीचा चीन तोरणमाळच्या मागे लागायचा. हमीदाबी आमच्याबरोबर पथारीवर देठ खुडायची. उंच, हाडकुळी, पानानं ओठ रंगलेले, आवाज मात्र रेशमासारखा. नवरा सायकली दुरुस्त करायचा. तिच्या नानीकडून तिला एक किस्सा मिळाला होता, चीनच्या शहजादीचा, आणि तो ती मिरचीच्या दिवसांत रोज थोडा थोडा सांगायची. हमीदाबी जन्मात एकदाच थंडीच्या मुलखात गेली होती, ती तोरणमाळला. तो उभा घाट, वरचं तळं, अंगावर येणारे ढग. तेवढ्यावर तिनं सगळा चीन उभा केला होता. "तोरणमाल चढ के आगे जाव, बस, वहीं से चीन शुरू," ती बिनदिक्कत सांगायची. शहजादी ज्वारीची भाकर खायची, ठेचा खायची, खाटेवर निजायची आणि पांढऱ्या घोड्यावर बसून वजिराच्या माणसांना चुकवत हिंडायची. कुणालाही त्यात काही खटकलं नाही. मला आज टीव्हीवरचा चीन बघताना उलट वाटतं, की यांच्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा कसा नाही.

सकाळी धुकं असायचं आणि त्या धुक्याखाली लालच लाल जमीन. आम्ही बायका गोल करून बसायचो, नाकाला पदर, हाताला गोडं तेल चोपडलेलं. मिरची घ्यायची, देठ मोडायचा, पांढरी पडलेली बाजूला टाकायची. ऊन चढलं की मिरचीचा वास तापून घशात उतरायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "सांग व हमीदा, काल घोडा नदीमा पडना व्हता." आणि हमीदाबी पान गालात सरकवून सुरू करायची. सुट्टीची वेळ झाली की बरोबर अशा जागी थांबायची की आम्ही तिच्यावर मिरच्या फेकायचो. "कल की कल देखेंगे!" म्हणून ती हात झटकायची. तनूची मालिका हल्ली तेच करते. मी टीव्हीवर काही फेकत नाही, महागाचा आहे.

आमच्या सासूबाई, जमनाबाई, त्यांना सगळी पथारी जमनामाय म्हणायची. ठेंगण्या, तोंडानं फटकळ. किश्शात त्यांचा जीव. शहजादीचा बाप, तो बादशा, वजिरानं दगा करून मारला त्या दिवशी सासूबाई रडल्या आणि घरी येताच न्हायल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, निम्म्या पथारीनं न्हाऊनच चूल पेटवली होती. हमीदाबीला हे कळलं तेव्हा तिनं गालातलं पान थुंकून टाकलं. मग म्हणाली, "नानी सुनती तो रो देती."

माझं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. हे फौजेत. रजा संपवून पावसाच्या तोंडावर गेले. मी त्यांना नीट पाहिलंही नव्हतं म्हटलं तरी चालेल. कानाची पाळी आणि डावा खांदा तेवढा पाठ होता, कारण वर मान करून बघायची टाप नव्हती. आणि दिवाळीच्या आसपास बातमी आली, चीनशी लढाई लागली. यांची पलटण तिकडेच, वर बर्फात.

गावात मोर्चा निघाला, घोषणा झाल्या. चहाच्या दुकानातल्या रेडिओपुढे माणसं उभी राहायला लागली. आणि मुकादम पथारीवर येऊन म्हणाला, "हमीदाबी, ते चीनचं बंद करा बरं. शेठना चालणार नाही." तो काही वाईट माणूस नव्हता, खाली बघतच बोलला. हमीदाबीनं मान हलवली आणि देठ खुडायला लागली. काशी म्हणून एक होती, धिटुकली, तिला राहवेना. "त्या पोरनी काय करेल शे?" ती म्हणाली. त्या पोरीचा काय दोष? पण मुकादम निघून गेला होता.

मग गप्प गप्प दिवस गेले. नुसता देठ मोडल्याचा कटकट आवाज. सूर्य पुढे सरकायचा नाही. शहजादी बिचारी डोंगराच्या कड्यावर घोडा घेऊन उभी होती, पुढे दरी, मागे वजिराची माणसं, आणि आम्ही तिला तशीच सोडून बसलो होतो. मला तिची काळजी वाटायची. खरं सांगते, यांची वाटायची त्याहून जास्त मोकळेपणी तिची वाटायची, कारण तिचं नाव मनात घेता यायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासूसमोर त्याची चौकशी करायची नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. नव्या सुनेनं हे सगळं पाळायचं असतं. एक बरं होतं, मिरचीवर बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, की तू का रडतेस.

आणि एक दिवस सासूबाई देठ खुडता खुडता हमीदाबीकडे सरकल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मन्हा आंडोर तठे बरफमा शे. तुन्ही शहजादी तठलीच शे ना? तिले सांग, त्याले जरा देखजो म्हने."

माझा मुलगा तिथे बर्फात आहे, तुझी शहजादी तिथलीच ना, तिला म्हणावं, त्याच्याकडे जरा लक्ष ठेव. सासूबाई थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या हिशेबी चीन तोरणमाळच्या मागे, लढाईही तिथेच, आणि त्या मुलखात आपल्या ओळखीचं माणूस एकच. ओळखीच्याला निरोप द्यायला कसली लाज?

हमीदाबीनं मुकादमाकडे पाहिलं. तो पाठ फिरवून पोती शिवत होता, जरा जास्तच मन लावून. मग तिनं घसा खाकरला. शहजादीचा घोडा कड्यावरून वळला. बर्फ पडत होता. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, तिनंही नाही. "जिन में रूई उडती है ना? वैसा. पर ठंडा," ती म्हणाली, आणि सरकी काढायच्या जिनमध्ये कापूस उडताना सगळ्यांनीच पाहिलेला होता. त्या कापसात एक जवान पडला होता. सावळा, डाव्या खांद्यावर बंदूक. शहजादीनं घोडा थांबवला.

त्या दिवसापासून आमचे हे किश्शात आले. शहजादीनं त्यांना गुहेत नेलं, शेकोटी केली, त्यांचे पाय चोळले, भाकर भरवली. पथारी श्वास धरून ऐकायची. आणि मी? मी जळायला लागले! हो, उगाच का खोटं बोलू. ती तिथे त्यांचे पाय चोळते आणि मी इथे मिरच्यांचे देठ मोडते! मी तर अजून त्यांच्या पायाला हात लावला होता तो लग्नात, नमस्कारापुरता. मी इतक्या जोरात देठ ओढायला लागले की मिरच्या फुटून बी उडायचं. काशीनं ते हेरलं. "हमीदा, आते बस कर व, नवरीना डोया लाल व्हयी गयात!" सगळ्या फिदीफिदी हसल्या, सासूबाईसुद्धा पदरात हसल्या. हमीदाबीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी शहजादीनं जवानाला पहिल्यांदा हाक मारली, आणि ती "भैया" म्हणून. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

मग ती वाईट खबर आली. आमच्या भाऊबंदांतला एक जण रेल्वेत होता. त्याला गाडीतून जाणाऱ्या फौजेतल्या कुणीतरी सांगितलं, त्या पलटणीतलं कुणी उरलं नाही. कागद नाही, तार नाही, नुसतं बोलणं. पण घरात भाऊबंदांच्या बायका जमल्या, दाराशी पाण्याची घागर ठेवली. सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, जमना, ऊठ, डोक्यावरून पाणी घे. मी भिंतीला टेकून उभी होते.

सासूबाई उठल्या, आणि घागर उचलून त्यांनी तुळशीत रिकामी केली. "हमीदानी आजून सांगेल नही," त्या म्हणाल्या.

हमीदानं अजून सांगितलेलं नाही! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कुणी म्हटलं डोक्यावर परिणाम झाला. पण त्या दिवसापासून सासूबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. अंगावरून न्हायच्या, केस कोरडे. पथारीवर रोज सकाळी त्या आल्या की सगळ्यांची नजर आधी त्यांच्या केसांकडे जायची. धुळीनं भरलेले, राठ, मिरचीच्या भुकटीनं तांबूस झालेले ते केस कोरडे दिसले की बायका निश्वास सोडून कामाला बसायच्या.

हमीदाबी मात्र घाबरली. पाण्याच्या माठाशी तिनं मला गाठलं. "बेटी, मैं तो चूल्हे के सामने बैठ के बनाती हूँ ये सब. मेरे मुँह से कुछ उल्टा निकल गया तो?" तिचे डोळे ओले होते. मी पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "बनाओ. पर मारना मत." त्या घरात आल्यापासून मी यांच्याविषयी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिनं मारलं नाही. पण जिवंत ठेवणं काय सोपं असतं होय! जवान बरा होऊन परत निघाला म्हणावं तर सासूबाई दुसऱ्या दिवशी वाटेकडे बघत बसणार. न बरा होता, न वाईट होता, त्याला रोज गुहेत ठेवायचं. हमीदाबीनं काय काय केलं! वाघ आणला, वजिराचे हेर आणले, घोडा आजारी पाडला, एकदा तर शहजादीला पाककृतीच सांगायला लावली. सगळं रटाळ होत चाललं होतं आणि आम्ही सगळ्या जणी कान देऊन ऐकत होतो. तनू हल्ली चिडते, आजी, भाग उगाच लांबवतात. मी म्हणते, लांबवू देत. लांबवतात तेव्हा कुणीतरी जिवंत असतं.

संक्रांत झाली. मिरची संपत आली. लाल मैदानात जागोजाग मातीची ठिगळं दिसायला लागली, गोल लहान झाला. आणि एका दुपारी पथारीच्या कडेनं काठी टेकत एक माणूस येताना दिसला. घराला कुलूप म्हणून तो इकडे आला होता. मी आधी पाहिला डावा खांदा. काशी ओरडली, "जमनामाय, देख!"

सासूबाई धावल्या. धावल्या आणि त्याच्यापुढे थांबल्या, दोन्ही हात वर धरून. हात मिरचीनं माखलेले, पोराच्या तोंडाला लावायचे कसे? तशाच उभ्या राहिल्या, हात हवेत, आणि धाय मोकलून रडल्या. मग त्यानंच वाकून आपलं कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवलं. मलाही डोळे पुसता येत नव्हते. आग नुसती.

बायकांनी त्यांना घेरलं. पायाची बोटं बर्फानं गेली होती, दीड-दोन महिने इस्पितळात होते, पत्र कुठेतरी हरवलं होतं, हे सगळं नंतर कळलं. पहिला प्रश्न काशीनं विचारला. "आन ती कशी शे रे भाऊ?"

"कोन?"

"तुन्ही बहीन. शहजादी."

यांनी आईकडे पाहिलं, हमीदाबीकडे पाहिलं. ती मागे उभी राहून तोंडावर ओढणी दाबत होती. मग त्या सगळ्या लाल डोळ्यांच्या बायकांकडे पाहिलं. "बरी शे," ते म्हणाले. "तुमले समदासले राम राम सांगेल शे." नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, एवढ्या बायका जीव टाकून विचारताहेत म्हटल्यावर, बरी नाही असं कसं सांगायचं?

त्याच दिवशी सासूबाईंनी अंगणात शिकेकाई कुटून केस धुतले. तांबूस पाणी वाहत गल्लीपर्यंत गेलं. आणि हमीदाबीनं उरलेल्या मिरचीत घाईघाईनं वजिराला मारून शहजादीचं लग्न लावून टाकलं, कुणाशी ते आता मला आठवतही नाही.

हे आता खाटेवर पडून आमच्याबरोबर मालिका बघतात. बर्फ दिसला की शाल पायावर ओढतात, बाकी खुशीत असतात. तनूनं एकदा विचारलं, आजोबा, तुम्हाला राग नाही येत? तुम्ही तर यांच्याशी लढलात. हे वेणीवालीकडे बघत म्हणाले, "त्या पोरनी काय करेल शे?" काशीचं वाक्य, साठ वर्षांनी. त्यांनी ते ऐकलेलंही नव्हतं. मी उठून त्यांना आणखी एक भाकर वाढली.

आज दुपारी तनू मोबाइल नाचवत, धापा टाकत आली. चपला दारातच भिरकावल्या. "आजी! सेनापती जिवंत आहे! दरीत पडला तो झाडात अडकला, एका म्हातारीनं झोपडीत नेलाय!"

मी टीव्हीपुढे जाऊन उभीच राहिले. खरंच की! डोक्याला पट्टी, पण डोळे उघडे. मला हसूही यायला लागलं आणि रडूही. म्हटलं, अरे मेल्या, तुझ्या नावानं काल थंडीत न्हायले ना मी!

खाटेवरून हे माझ्या काल न्हालेल्या, मोकळ्या केसांकडे बघत होते.

"मन्ही मायनी महिनाभर डोकावर पानी लिन्हं नही," ते म्हणाले. "आन तुले एक दिन दम निंघना नही?"